इंग्लंड व वेल्समधील कच्चे ग्रामीण मार्ग आणि मोटारसायकलस्वारांचा वहिवाटीचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इंग्लंड आणि वेल्सच्या ग्रामीण भागात दोन्ही बाजूंना झुडपांचे कुंपण किंवा दगडी गडगे असलेले, डांबर न पडलेले जुने रस्ते आजही मोठ्या संख्येने आढळतात. तेथील लोक त्यांना ‘ग्रीन लेन’ म्हणतात. आपल्याकडील पाणंद अथवा गाडीवाट डोळ्यांपुढे आणल्यास त्यांच्या स्वरूपाची कल्पना येईल. या शब्दाला कायद्यात मात्र कोणताही अर्थ नाही. दिसण्यात अगदी सारख्या अशा दोन पाणंदींपैकी एकीवरून नोंदणी केलेली व विमा उतरवलेली मोटारसायकल चालवणारा मनुष्य आपला हक्क बजावत असतो. शेजारच्या दुसऱ्या पाणंदीवर तोच मनुष्य अपराधी ठरतो. दोन्हींची माती, रुंदी आणि चढउतार सारखेच असतात. फरक असतो तो कागदाचा.

हा कागद कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने तयार केला, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. स्कॉटलंडमधील कायदा स्वतंत्र असल्यामुळे विवेचन इंग्लंड व वेल्सपुरते मर्यादित आहे. रस्त्याचा कच्चेपणा हा मुळात केवळ त्याच्या पृष्ठभागाचा गुण होता. विसाव्या शतकात तो हळूहळू हक्काचा गुण मानला गेला आणि २००६ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

डांबरापूर्वीचे रस्ते

इंग्लिश सामान्य कायद्यानुसार सार्वजनिक मार्ग म्हणजे सर्व जनतेला जाण्यायेण्याचा हक्क असलेली जागा होय. या हक्काच्या तीन पायऱ्या मानल्या जात : पादचारी मार्ग, अश्वमार्ग आणि गाडीमार्ग. वरच्या पायरीच्या हक्कात खालच्या पायरीचा हक्क सामावलेला असे. एकदा सार्वजनिक ठरलेला मार्ग कायमचा सार्वजनिक राहतो, हे तत्त्वही न्यायालयांनी वारंवार मान्य केले होते. शंभर वर्षे एकही गाडी न गेल्यामुळे गाडीमार्गाचा हक्क लोप पावत नसे. त्यासाठी विधिवत आदेश आवश्यक असे.

या हक्काचे पुरावे निरनिराळ्या कारणांनी तयार झालेल्या दस्तऐवजांत विखुरलेले आहेत. सामाईक जमिनींची विभागणी करणाऱ्या कुंपणबंदीच्या निवाड्यांत रस्ते आखून दिलेले असत. १८०१ च्या सर्वसाधारण कुंपणबंदी कायद्याने सार्वजनिक गाडीमार्गाची रुंदी किमान ३० फूट ठेवण्याचे बंधन घातले. १८४५ च्या रेल्वेविषयक कायद्यानुसार रस्त्यावरून रेल्वेचा पूल बांधताना पुलाखाली सार्वजनिक गाडीमार्गासाठी २५ फूट, तर खाजगी रस्त्यासाठी १२ फूट रुंदी सोडावी लागे. त्यामुळे एखाद्या ओसाड पाणंदीवरील पुलाची रुंदीही तिच्या जुन्या दर्जाची साक्ष देऊ शकते. पुढे १९१० च्या वित्त कायद्यान्वये जमिनींचे मूल्यांकन झाले, तेव्हा सार्वजनिक रस्ते बहुधा कोणाच्याही मालकीच्या तुकड्यात न धरता नकाशावर रंगाविना सोडले गेले. करआकारणीसाठी तयार झालेले हे नकाशे आज वहिवाटीच्या दाव्यांत पुरावा म्हणून पुढे येतात.

१८३५ च्या मार्ग कायद्याने रस्त्यांसाठी ग्रामस्थांकडून घेतले जाणारे सक्तीचे श्रम बंद केले. तोपर्यंत अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक मार्गांच्या दुरुस्तीची जबाबदारी मात्र पॅरिशवर, म्हणजे गावावरच राहिली. हे सारे रस्ते खडी-मातीचेच होते. पक्का रस्ता आणि कच्चा रस्ता असा भेद हक्काच्या संदर्भात तेव्हा कोणाच्या मनातही आला नसता.

यंत्रचलित वाहन या व्यवस्थेत आले ते गाडीचा वारस म्हणून. १८७९ च्या ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात १८३५ च्या कायद्यातील बेदरकारपणाच्या अपराधापुरती सायकल ही ‘गाडी’च आहे, असे ठरले, १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने तसे स्पष्टच जाहीर केले. १८९६ च्या कायद्याने हलक्या यंत्रचलित वाहनांनाही कायद्याच्या दृष्टीने गाडी मानले आणि ताशी १४ मैलांपर्यंत वेगाची मर्यादा घातली. १९०३ च्या मोटारकार कायद्याने ती २० मैल केली व वाहननोंदणी सुरू केली. बैलाच्या वा घोड्याच्या गाडीला ज्या वाटेने जाण्याचा हक्क होता, त्या वाटेने मोटारसायकलला जाण्याचा हक्क मिळाला तो असा. लंडन ते लँड्स एंड ही मोटारसायकलस्वारांची प्रसिद्ध चाचणी १९०८ पासून होत आली आहे, आणि तिच्या मार्गातील चढ अशाच खडकाळ पाणंदींवरचे आहेत.

डांबरीकरणाचा वेग विसाव्या शतकाच्या आरंभी वाढला. १९०९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या रस्ते मंडळाने या कामासाठी निधी दिला. मोटारींची वर्दळ असलेले रस्ते प्रथम डांबरी झाले. ज्यांची गरज उरली नव्हती ते मागे राहिले. आजची ग्रीन लेन ही मुळात वेगळ्या जातीची वाट नव्हे. डांबराने वगळलेला तो एक रस्ता आहे.

१९३० : दोन घटना

१९३० या वर्षी दोन गोष्टी घडल्या. १९२९ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार १ एप्रिल १९३० रोजी ग्रामीण जिल्ह्यांकडील रस्ते काउंटी परिषदांकडे सोपवण्यात आले. या हस्तांतरासाठी तयार झालेले नकाशे आणि याद्या हे सरकारी खर्चाने दुरुस्त होणाऱ्या रस्त्यांचे महत्त्वाचे साधन ठरले. पुढे १९८० च्या मार्ग कायद्याच्या कलम ३६(६) नुसार ठेवावयाची ‘रस्त्यांची यादी’ हा याच परंपरेतील कागद होय. ती यादी दुरुस्तीच्या जबाबदारीची आहे. हक्काची नोंद म्हणून ती कधीच तयार झाली नव्हती.

दुसरी घटना म्हणजे १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याचे कलम १४. रस्ता नसलेल्या जमिनीवर, तसेच पादचारी मार्गावर अथवा अश्वमार्गावर कायदेशीर अधिकाराशिवाय मोटार चालवणे हा त्या कलमाने अपराध ठरवला. ही तरतूद १ डिसेंबर १९३० पासून अमलात आली. यामुळे एखादी वाट गाडीमार्ग आहे की अश्वमार्ग, या प्रश्नाला फौजदारी महत्त्व प्राप्त झाले. मात्र कोणती वाट कोणत्या वर्गात मोडते, याची अधिकृत नोंद देशात कोठेही नव्हती.

१९४९ चा कायदा आणि निर्णायक नकाशे

ही नोंद करण्याची प्रेरणा मोटारचालकांकडून नव्हे, तर पदभ्रमण करणाऱ्यांकडून आली. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट येथे झालेला सामूहिक प्रवेश ही त्या चळवळीतील सर्वपरिचित घटना होय. युद्धोत्तर काळात राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेशासंबंधीचा १९४९ चा कायदा संमत झाला. त्यानुसार काउंटी परिषदांनी सर्व सार्वजनिक वाटांची पाहणी करून ‘निर्णायक नकाशा’ तयार करावयाचा होता. प्रत्यक्ष पाहणीचे काम बऱ्याच अंशी पॅरिश परिषदांनी आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी केले.

या नकाशासाठी तीन वर्ग करण्यात आले : पादचारी मार्ग, अश्वमार्ग आणि ‘सार्वजनिक वाट म्हणून वापरला जाणारा रस्ता’. तिसरा वर्ग हा पुढील सर्व वादाचे मूळ ठरला. ज्याचा मुख्य उपयोग पायी अथवा घोड्यावरून जाण्यासाठी होतो, असा रस्ता या वर्गात घालावयाचा होता. म्हणजे वर्गीकरणाचा निकष हक्क नसून वापर हा होता. गाडीचा हक्क त्यावर आहे की नाही, हे त्या नोंदीवरून निश्चितपणे कळत नसे. पाहणी करणाऱ्यांना ‘मुख्यतः पायवाट म्हणून वापरात असलेला गाडीरस्ता’ आणि ‘मुख्यतः अश्वमार्ग म्हणून वापरात असलेला गाडीरस्ता’ अशी टिपणे करण्याची सूचना होती. चालणाऱ्यांच्या हिताच्या पाहणीत मोटारीच्या हक्काचा विचार ओघानेच झाला.

पुनर्वर्गीकरणाची वाटचाल

ही संदिग्धता दूर करण्यासाठी १९६८ च्या ग्रामीण परिसर कायद्याने तिसऱ्या वर्गातील प्रत्येक रस्त्याचे पुनर्वर्गीकरण करण्यास सांगितले. तो ‘सर्व वाहतुकीस खुला उपमार्ग’, अश्वमार्ग किंवा पादचारी मार्ग यांपैकी एक ठरवावयाचा होता. हे ठरवताना गाडीचा हक्क आहे काय याबरोबरच रस्त्याची जागा, रुंदी, अवस्था आणि मातीचे स्वरूप पाहता तो वाहनांना योग्य आहे काय, हेही तपासावयाचे होते. हक्क आणि पृष्ठभाग यांची कायद्यात उघडपणे घातलेली सांगड येथे दिसते.

१९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने योग्यतेचा हा निकष वगळला. गाडीचा हक्क सिद्ध झाला तर खुला उपमार्ग, न झाल्यास सामान्यतः अश्वमार्ग, असा नियम झाला. प्रश्न पुन्हा इतिहासाच्या पुराव्याकडे आला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘ट्रेल रायडर्स फेलोशिप’ या मोटारसायकलस्वारांच्या संस्थेचे सभासद अभिलेखागारांत जाऊन कुंपणबंदीचे निवाडे आणि मूल्यांकनाचे नकाशे वाचू लागले. मोटारसायकलची आवड असलेली सामान्य माणसे जुन्या दस्तऐवजांची अभ्यासक झाली, हे या इतिहासातील एक लक्षणीय प्रकरण आहे.

परिषदांचे काम मात्र संथ होते. अखेरीस २००० च्या ग्रामीण परिसर व मार्गहक्क कायद्याने तिसऱ्या वर्गातील उरलेले सर्व रस्ते सरसकट ‘निर्बंधित उपमार्ग’ या नव्या वर्गात घालण्याची तरतूद केली. त्यावर पायी, घोड्यावरून, सायकलवरून आणि घोडागाडीतून जाता येते. यंत्रचलित वाहनाने जाण्याचा हक्क त्या वर्गनावात येत नाही. तथापि, तसा जुना हक्क असल्याचे सिद्ध करण्याची वाट या कायद्याने बंद केली नव्हती.

संघर्षाचे स्वरूप

दरम्यान मोटारसायकली आणि चारचाकी वाहनांची पाणंदींवरील ये-जा वाढली. तक्रारी खऱ्या होत्या. खडूच्या खडकावरील वाटा पावसाळी हवामानात लवकर चिखलतात. त्यांवर खोल चाकोऱ्या पडतात आणि चालणाऱ्याला पाय टाकणे कठीण होते. वेगाने येणाऱ्या यंत्राच्या आवाजाने घोडे बिथरतात. १९७३ मध्ये राष्ट्रीय पदमार्ग म्हणून खुल्या झालेल्या ‘रिजवे’ या प्राचीन वाटेच्या काही भागांवर यामुळे हिवाळी महिन्यांत मोटारींना बंदी घालावी लागली. यॉर्कशायर डेल्समधील मास्टाइल्स लेन ही फाउंटन्स मठाच्या काळातील मेंढपाळांची वाट. तिच्यावरही यंत्रचलित वाहनांना मनाई करण्यात आली.

ही मनाई ‘वाहतूक नियमन आदेशा’च्या साधनाने झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. १९८४ च्या कायद्यानुसार एखाद्या विशिष्ट रस्त्यावर, विशिष्ट ऋतूत अथवा विशिष्ट वाहनांना बंदी घालता येते. त्यात हक्क नष्ट होत नाही. त्याचा वापर कारण देऊन नियंत्रित केला जातो. बेताल वाहनचालकांसाठी २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याने वाहन जप्त करण्याचा अधिकारही पोलिसांना दिला होता.

तरीही सरकारची चिंता वाढवणारी आणखी एक घटना घडली. १९८० च्या मार्ग कायद्याच्या कलम ३१ नुसार वीस वर्षांच्या निर्वेध वापराने सार्वजनिक हक्क निर्माण झाल्याचे मानले जाते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील वीस वर्षांची मुदत आपल्या कायद्याच्या अध्यापकांना परिचित आहे. तिचे नाते याच इंग्लिश विचारपरंपरेशी आहे. १९३० नंतरचा मोटारींचा वापर बेकायदेशीर असल्याने त्यातून हक्क निर्माण होऊ शकत नाही, अशी न्यायालयांची भूमिका १९९३ च्या ‘हॅनिंग’ खटल्यापासून होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने २००४ च्या ‘बेकवेल’ खटल्यात ती बदलली. जमीनमालक ज्या वापराला परवानगी देऊ शकला असता, तो वापर केवळ परवानगीअभावी अपराध ठरत असला, तरी त्यातून हक्क मिळू शकतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. तो खटला घरांकडे जाणाऱ्या खाजगी वाटेसंबंधी होता. परंतु त्याच न्यायाने अश्वमार्गांवरील बेकायदेशीर मोटारसायकलींमुळे नवे खुले उपमार्ग तयार होतील, अशी भीती निर्माण झाली.

२००६ चा कायदा

नैसर्गिक पर्यावरण व ग्रामीण समुदाय कायद्याला ३० मार्च २००६ रोजी राजसंमती मिळाली. त्याच्या मार्गहक्कविषयक तरतुदी इंग्लंडमध्ये २ मे २००६ पासून आणि वेल्समध्ये १६ नोव्हेंबर २००६ पासून लागू झाल्या. कलम ६६ ने यापुढे केवळ वापरातून मोटारीचा सार्वजनिक हक्क निर्माण होण्याची शक्यता संपवली. कलम ६७ ने त्याहून पुढचे पाऊल टाकले. निर्णायक नकाशात मुळीच नसलेल्या, अथवा केवळ पादचारी मार्ग, अश्वमार्ग किंवा निर्बंधित उपमार्ग म्हणून दाखवलेल्या मार्गांवरील यंत्रचलित वाहनांचा जुना सार्वजनिक हक्क नष्ट करण्यात आला. रस्त्यालगतच्या जमिनीच्या मालकांना आपल्या जमिनीकडे जाता यावे म्हणून त्यांच्यापुरता तो खाजगी हक्क म्हणून राखला गेला. एकदा सार्वजनिक ते कायमचे सार्वजनिक, या तत्त्वाला संसदेने एका वर्गाच्या प्रवाशांपुरती एका दिवसात मर्यादा घातली.

या कलमाचे अपवाद अभ्यासनीय आहेत. त्यांपैकी तीन येथे पाहू.

पहिला अपवाद असा की, आधीच्या पाच वर्षांत जनतेकडून झालेला मुख्य कायदेशीर वापर मोटारींचा असेल तर हक्क टिकतो. चालणाऱ्यांबरोबर पाणंद वाटून घेणाऱ्या आणि क्वचितच जाणाऱ्या संयमी मोटारसायकलस्वारांना याचा लाभ मिळणे कठीण होते. ज्या वाटेवर मोटारींची वर्दळ अधिक, तिचा हक्क टिकण्याची शक्यता अधिक.

दुसरा अपवाद म्हणजे १ डिसेंबर १९३० पूर्वी मोटारींच्या वापरातूनच जो हक्क निर्माण झाला तो कायम राहतो. परंतु बहुतेक पाणंदींवरील हक्क बैल-घोड्यांच्या गाड्यांच्या काळातला, म्हणजे मोटारींहून जुना होता. त्यामुळे त्यांना या अपवादाचा उपयोग नव्हता.

तिसरा अपवाद सर्वांत बोलका आहे. जो मार्ग निर्णायक नकाशात नव्हता, पण परिषदेच्या ‘रस्त्यांच्या यादी’त होता, त्यावरील हक्क टिकला. याचा परिणाम असा झाला की, ज्या गावाने १९५० च्या दशकात मन लावून पाहणी केली आणि आपल्या पाणंदीची नोंद तिसऱ्या वर्गात करून घेतली, त्या गावातील पाणंदीवरचा मोटारीचा हक्क सहसा गेला. ज्या गावाने ती नोंद केली नाही, परंतु ज्याची पाणंद दुरुस्तीच्या यादीत पडून होती, तेथे तो शाबूत राहिला. नोंदीतील दक्षतेची किंमत हक्काने मोजावी लागली.

न्यायालयांतील उत्तरकथा

खुल्या उपमार्गाच्या नोंदीसाठी इंग्लंडमध्ये २० जानेवारी २००५ पूर्वी आणि वेल्समध्ये १९ मे २००५ पूर्वी विधिवत केलेले अर्जही कायद्याने वाचवले होते. त्यामुळे अर्ज ‘विधिवत’ होता काय, यावर खटले झाले. २००८ मध्ये विंचेस्टर कॉलेजने हॅम्पशायर काउंटी परिषदेविरुद्ध चालवलेल्या खटल्यात अपील न्यायालयाने कठोर भूमिका घेतली. आधारभूत दस्तऐवजांचा केवळ उल्लेख पुरेसा नाही, त्यांच्या प्रती सोबत जोडलेल्या असल्या पाहिजेत, असा निर्णय झाला. वर्षानुवर्षे परिषदांनी स्वीकारलेले अनेक अर्ज त्यामुळे निरुपयोगी ठरले.

डॉर्सेटमधील पाच अर्जांचा प्रश्न तर नकाशाच्या प्रमाणाचा होता. नियमानुसार नकाशा १ : २५,००० पेक्षा लहान प्रमाणाचा असता कामा नये. अर्जदारांनी १ : ५०,००० या प्रमाणाचा नकाशा संगणकावर मोठा करून जोडला होता. असा नकाशा त्या प्रमाणावर ‘काढलेला’ म्हणता येईल काय, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १८ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने परिषदेचे अपील फेटाळले व असा नकाशा ग्राह्य मानला. अर्ज केल्यानंतर दहा वर्षांनी ठरले ते एवढेच की त्या अर्जांचा विचार व्हावा. पाणंदींवरून पूर्वी गाड्या जात होत्या काय, हा मूळ प्रश्न त्यानंतर तपासावयाचा होता.

आज इंग्लंडमधील नोंद झालेल्या सुमारे १,८८,००० कि.मी. सार्वजनिक वाटांपैकी खुले उपमार्ग सुमारे ३,७०० कि.मी., म्हणजे साधारण दोन टक्के आहेत. यादीतील कच्च्या रस्त्यांची त्यात भर पडते. पायी व घोड्यावरून जाणाऱ्यांच्या जुन्या हक्कांवरही २००० च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही अंतिम मुदत घातली होती. २०२३ मध्ये ती इंग्लंडपुरती २०३१ पर्यंत लांबवण्यात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ती रद्द करण्याचा मानस जाहीर केला. चालणाऱ्यांच्या हक्काची कालमर्यादा हटवण्याची तयारी दिसते. मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत ती कधीच संपून गेली आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, या वादातील निर्णायक कागदांपैकी जवळजवळ कोणताही कागद मोटारसायकलस्वारांच्या हक्काचा विचार करून तयार झालेला नव्हता. कर, जमीनवाटप, रेल्वेचे पूल, दुरुस्तीचा खर्च आणि पदभ्रमण हे त्यांचे हेतू होते. एका हेतूने केलेल्या नोंदीवर दुसऱ्या हेतूचा हक्क अवलंबून ठेवला की निकाल बराचसा योगायोगावर सोपवला जातो.

दुसरा निष्कर्ष असा की, शांतता आणि वाटांचे रक्षण हे २००६ च्या कायद्याचे उद्दिष्ट रास्त असले, तरी त्याने निवडलेला मार्ग त्या उद्दिष्टाशी नेमका जुळत नाही. वाहतूक नियमन आदेश प्रत्येक पाणंदीची माती, ऋतू आणि वर्दळ पाहतो. कलम ६७ पाहते ते फक्त नोंद. चिखलाने खचणारी एखादी वाट यादीत असल्यामुळे खुली राहते आणि टणक खडकाची दुसरी वाट नकाशात असल्यामुळे बंद होते. शिवाय मुळातच कायदा न जुमानणाऱ्या चालकाला हक्क संपल्याने काहीच फरक पडत नाही. वाहनावर क्रमांक असणारा आणि नकाशा पाहून निघणारा स्वार तेवढा थांबतो.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अध्यापनाशी संबंधित आहे. जुन्या दस्तऐवजांचे वाचन हा केवळ विद्वत्तेचा विषय आहे, असा समज असतो. येथे मात्र त्या वाचनावर सामान्य माणसाचे निर्दोष वा अपराधी असणे ठरत होते. संसदेने या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याऐवजी, इतिहासाचा पुरावा कोणत्या तारखेनंतर ऐकावयाचा नाही हे ठरवले. राज्यकारभाराच्या सोयीसाठी असे करणे कधी कधी अपरिहार्य असेलही. पण त्या तारखेपूर्वीच्या पाणंदीवर गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, ही वस्तुस्थिती कोणत्याही कलमाने बदलत नाही. ती नोंदवून ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.